‘चक्कर येते’ म्हणणारं मूल: तपासणी कुठून सुरू करायची, कोणत्या क्रमाने, आणि कुठे चुकतं

सहा वर्षांची मुलगी. फाइलमध्ये मेंदूचा सीटी, एक ईईजी (मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख), दोन वेळा केलेलं रक्त आणि चक्करेच्या तीन वेगवेगळ्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या. सगळे रिपोर्ट नॉर्मल. पण झटका किती वेळ टिकतो, हे त्या अख्ख्या फाइलमध्ये एकाही ठिकाणी लिहिलेलं नव्हतं. विचारल्यावर आई म्हणाली, “दोन मिनिटं हो. एकदम पांढरीफटक पडते, खांबाला मिठी मारून उभी राहते, आणि मग जाते खेळायला.” या एका वाक्यात निम्मं निदान होतं.

अशा फायली वारंवार येतात म्हणून हा लेख लिहितो आहे. बहुतेक वेळा ज्ञान कमी पडत नाही, क्रम उलटा होतो. फोटो आधी, गोळी त्यानंतर आणि गोष्ट सर्वात शेवटी, तीही ऐकली तर. लेख फॅमिली डॉक्टर, बालरोगतज्ज्ञ, ऑडिओलॉजिस्ट आणि फिजिओथेरपिस्ट यांच्यासाठी आहे. पालकांनी तयारी आणि पहिले तीन टप्पे वाचून यावं, त्यांचा आणि डॉक्टरांचाही वेळ वाचेल.

## तयारी

अपॉइंटमेंट देतानाच पालकांना तीन गोष्टी सांगा.

एक, पुढचा झटका आला की मोबाइलवर व्हिडिओ काढा, आणि तो चेहऱ्याच्या जवळून, डोळे दिसतील असा. पालक घाबरून मूल जमिनीवर पडलेलं दुरून टिपतात. त्यात आपल्याला हवं ते दिसत नाही. डोळे उघडे, पुरेसा उजेड आणि अर्धा मिनिट, एवढं पुरतं.

दोन, मुलाला उपाशी आणू नका. उपाशी मुलाची नाडी आणि रक्तदाब दोन्ही दिशाभूल करतात.

तीन, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून आणा. चक्कर दाबणाऱ्या गोळ्या (सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन वगैरे) शक्य असेल तर तपासणीच्या ४८ तास आधी डॉक्टरांना विचारून थांबवाव्या, कारण त्या डोळ्यांच्या खुणा झाकून टाकतात.

> सावधान: फिट्सच्या गोळ्या तपासणीसाठी कधीही थांबवायच्या नाहीत. पण त्या कोणत्या आणि किती, हे नक्की लिहा. फेनिटॉइनचं प्रमाण जास्त झालं की मूल झोकांड्या खातं आणि डोळे थरथरतात, आणि सगळे मेंदूत कारण शोधत बसतात.

खोलीत चार-पाच पावलं सरळ चालायला जागा हवी. जमिनीवर चिकटपट्टीची एक रेघ मारा. मुलाच्या दंडाला बसेल असा बीपीचा पट्टा, ऑटोस्कोप (कानात बघायला), ऑफ्थाल्मोस्कोप (डोळ्याच्या आत बघायला), ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (ऐकणं तपासायला), घड्याळ, जाड फोमचा तुकडा, एक रंगीत स्टिकर आणि स्लो-मोशन चित्रण करणारा फोन जवळ ठेवा. वेळ निदान चाळीस मिनिटं. भरलेल्या ओपीडीत हे होत नाही, वेगळी वेळ द्या. लहान मुलाच्या झोपेची वेळ मात्र टाळा.

पाच वर्षांखालच्या मुलात कानात नळी घालणं आणि आडवं पाडून मान वळवणं या दोन गोष्टी अगदी शेवटी करा. एकदा रडू फुटलं की डोळे, तोल, चाल यातलं काहीच नीट बघता येत नाही.

## टप्पा १: ‘चक्कर’ हा शब्द फोडा

मराठीत एका ‘चकरे’त चार वेगवेगळ्या तक्रारी लपतात, पण सुदैवाने त्या वेगळ्या सांगायला शब्दही आपल्याकडेच आहेत. मुलाला आधी विचारा, पालकांना नंतर. मी विचारतो, “चक्कर हा शब्द न वापरता सांग बरं, काय होतं?”

- गरगरणं: “पंखा खाली येतो”, “घर फिरतं”, “जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखं होतं.” इथे आतला कान किंवा त्याच्याशी जोडलेला मेंदूचा भाग.
- अंधारी येणं: “डोळ्यांपुढे काळं होतं, कानात गुंऽऽ होतं, हातपाय गळतात.” हा रक्ताभिसरणाचा प्रश्न.
- झोकांडी जाणं: पडून असताना काहीच नाही, उभं राहिलं की तोल जातो, अंधारात जास्तच. दोन्ही कान, लहान मेंदू (डोक्याच्या मागचा, तोल सांभाळणारा भाग) किंवा पायांच्या नसा.
- डोकं हलकं किंवा तरंगतं: दिवसभर, धूसर, नेमकं सांगता येत नाही. नजरेचे दोष, डोक्याला मार लागल्यानंतरचे दिवस, औषधं, चिंता.

तीन-चार वर्षांचं मूल यातलं काहीच बोलणार नाही. त्याचं वागणं हीच त्याची भाषा. खेळता खेळता एकदम थांबणं, आईच्या पायाला घट्ट धरणं, जमिनीवर आडवं होऊन डोळे मिटून घेणं, “खाली ठेवू नको” म्हणून रडणं. पालक याला हट्ट म्हणतात.

> चूक: किशोरवयीन मुलामुलींची माहिती फक्त पालकांसमोर घेणं. दहा मिनिटं एकट्याशी बोला. पाळीत रक्तस्राव किती, सकाळचं जेवण टळतं का, वजन कमी करायला काही चाललं आहे का, रात्री झोप किती, शाळेत कोणी त्रास देतं का, स्वतःहून कुठली गोळी घेतली का. पाळी चुकली आहे का, हेही इथेच आणि हळू आवाजात.

## टप्पा २: किती वेळ, कशाने, सोबत काय

निदानाकडे नेणारा सर्वात जवळचा रस्ता म्हणजे झटक्याचा कालावधी. तो लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

अंथरुणात कूस बदलताना काही सेकंद गरगरणं म्हणजे कानातले कण सरकल्याची चक्कर, बीपीपीव्ही. मोठ्यांमध्ये ती सर्रास दिसते. मुलांमध्ये तितकी नाही, आणि असली तर आधी डोक्याला मार लागला होता का ते विचारा. दिवसेंदिवस सलग गरगर आणि उलट्या म्हणजे कानाच्या नसेचा दाह किंवा लहान मेंदूचा आजार, आणि या दोघांतला फरक टप्पा ५ मध्ये कळतो.

मिनिटांपासून तासांपर्यंतचे, पुन्हा पुन्हा येणारे आणि मधल्या काळात मूल ठणठणीत असणारे झटके मुलांमध्ये सर्वाधिक दिसतात. त्यांची मांडणी २०२१ मध्ये बारानी सोसायटी (चक्कर आणि तोलाच्या आजारांची आंतरराष्ट्रीय संस्था) आणि आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेने मिळून नव्याने केली:

- बालपणीचा व्हेस्टिब्युलर मायग्रेन: मध्यम किंवा तीव्र असे किमान ५ झटके, प्रत्येक ५ मिनिटं ते ७२ तास; मायग्रेन आत्ता किंवा पूर्वी; निदान निम्म्या झटक्यांत मायग्रेनची एखादी खूण, म्हणजे तशी डोकेदुखी, उजेड आणि आवाज दोन्ही सहन न होणं, किंवा डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेघा.
- बालपणीची पुनरावर्ती चक्कर: किमान ३ झटके, प्रत्येक १ मिनिट ते ७२ तास, पण मायग्रेनच्या वरच्या दोन्ही अटी लागू नाहीत.

दोन्हींत वय १८ च्या आत, आणि दुसरं कुठलंही कारण जास्त चपखल बसत नाही, ही अट कायम. ती अट पूर्ण झाली की नाही हे पुढच्या टप्प्यांशिवाय ठरत नाही.

आता घराण्यातला मायग्रेन. इथे आपल्याकडे प्रश्नच चुकीचा विचारला जातो. “घरात कुणाला मायग्रेन आहे का?” याचं उत्तर दहातल्या नऊ घरांत ‘नाही’ येतं. मग मी विचारतो, “पित्ताने कुणाचं डोकं दुखतं का?” आई लगेच म्हणते, “माझंच की! पित्त उसळलं की अर्धं डोकं ठणकतं, उलटी होऊन गेली की बरं वाटतं, अंधार करून पडून राहावं लागतं.” आजीची अर्धशिशीही मग बाहेर येते. पुढचा प्रश्न: “एसटी लागते का?” घाटात गाडी लागणारं मूल, लहानपणी कारण नसताना पोट दुखून ओकणारं मूल, आणि पहिल्या वर्षात काही तास-दिवस मान एका बाजूला, पुढच्या वेळी दुसऱ्या बाजूला वाकडी करून बसणारं बाळ, हे सगळे याच वाटेवरचे टप्पे असू शकतात.

> तपासा: कागदावर चार गोष्टी आल्या का? कालावधी, किती दिवसांनी, कशाने सुरू होतं, झटक्यात ऐकणं आणि शुद्ध कशी असते. एखादी राहिली असेल तर मागे जा.

## टप्पा ३: धोक्याच्या खुणा

यातलं काहीही असेल तर उरलेली तपासणी बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवा.

- पहाटे डोकेदुखीने जाग येणं, सकाळी उलट्या, वाढत जाणारी झोकांडी, नव्याने मान तिरकी धरणं, दुहेरी दिसणं
- धावताना किंवा पोहताना शुद्ध हरपणं. घरात कमी वयात अचानक मृत्यू झालेला असणं
- झटक्यात शुद्ध हरपणं, हात-तोंडाचे झटके, नंतर गुंगी
- ताप, मान ताठ, सुस्ती
- डोक्याला मार लागल्यानंतर कमी ऐकू येणं, कानातून पाणी किंवा रक्त
- दुर्गंधी वाहणारा कान आणि त्यात नव्याने गरगर
- कालपर्यंत धावणारं मूल आज अचानक चालेना

शेवटच्या मुद्द्यावर दोन प्रश्न नक्की विचारा: गेल्या काही आठवड्यांत कांजिण्या किंवा ताप येऊन गेला का, आणि घरात आजी-आजोबांच्या झोपेच्या, फिट्सच्या गोळ्या मुलाच्या हाताला लागतील अशा ठेवल्या आहेत का.

## टप्पा ४: आडवं आणि उभं

शाळेच्या परिपाठात कोसळणारी मुलं याच टप्प्यात ओळखता येतात, आणि हाच टप्पा सर्वात जास्त वगळला जातो. यंत्र लागत नाही, फक्त धीर लागतो.

मूल ५ ते १० मिनिटं शांत आडवं. नाडी आणि रक्तदाब नोंदवा. उभं करा, भिंतीला टेकू द्यायचं नाही. १, ३, ५ आणि १० मिनिटांना पुन्हा मोजा, आणि प्रत्येक वेळी “आत्ता काय वाटतं?” ते शब्दांत लिहा.

३ मिनिटांच्या आत वरचा दाब २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर ते उभं राहिल्याने दाब कोसळणं. दाब न उतरता, १२ ते १९ वयात नाडी १० मिनिटांच्या आत ४० किंवा अधिक ठोक्यांनी वाढून तशीच राहिली, सोबत त्रास झाला, आणि हा त्रास तीन महिन्यांपासून असला, तर पॉट्सचा विचार करा.

> चूक: बसलेल्या मुलाचा एकच बीपी घेऊन ‘नॉर्मल’ लिहिणं. आणि उलट चूक: नुकत्याच तापातून उठलेल्या, पाणी कमी पिणाऱ्या किंवा हिमोग्लोबिन कमी असलेल्या मुलीला पॉट्सचं लेबल चिकटवणं. आधी डोळ्यांची पापणी उलटून आणि तळवे बघा.

## टप्पा ५: डोळे

आतल्या कानात काय चाललं आहे ते आपल्याला थेट फक्त डोळ्यांतच दिसतं. म्हणून इथे घाई नको.

१. समोर बघायला सांगा, मग साधारण ३० अंश उजवीकडे, डावीकडे, वर, खाली. त्याहून जास्त बाजूला नेलं तर निरोगी डोळाही दोन-चार वेळा थरथरतो. थरथर कायम एकाच दिशेची, आडवी आणि थोडी गोल फिरणारी असेल तर कानाकडे बोट. वर-खाली होणारी किंवा नजरेबरोबर दिशा बदलणारी असेल तर मेंदूकडे.

२. नजरेचा आधार काढा. कानाच्या आजारातली थरथर मूल एखाद्या वस्तूकडे टक लावून बघायला लागलं की विरते, त्यामुळे भरल्या उजेडात काहीच दिसत नाही आणि आपण ‘नाही’ लिहून मोकळे होतो. फ्रेन्झेल चष्मा (जाड भिंगांचा, नजर कुठे खिळू न देणारा) नसेल तर ऑफ्थाल्मोस्कोपने एका डोळ्याच्या आतली, नस शिरते ती चकती बघा आणि दुसरा डोळा आईला तळहाताने झाकायला सांगा. चकती हळू सरकून झटक्याने परत येते का बघा. लक्षात ठेवा, आपल्याला दिसणारी आडवी-उभी दिशा डोळ्याच्या खऱ्या दिशेच्या उलटी असते. चकती सुजलेली आहे का, तेही याच वेळी बघून घ्या.

३. डोकं झटक्यात वळवण्याची चाचणी. स्टिकर स्वतःच्या नाकावर चिकटवा. मुलं हसतात आणि टक लावून बघतात, आपल्याला तेच हवं असतं. दोन्ही हातांत डोकं धरा, किंचित खाली झुकवा, आणि १० ते २० अंशांचा छोटा पण जलद झटका एका बाजूला द्या. निरोगी कान असेल तर डोळे नाकावर खिळून राहतात. त्या बाजूचा कान कमजोर असेल तर डोळे डोक्याबरोबर सरकतात आणि मग उडी मारून नाकावर परत येतात. ती उडी पकडायला फोनचं स्लो-मोशन फार उपयोगी.

> सावधान: मानेला मार लागला असेल किंवा डाउन सिंड्रोम असेल तर मानेला झटका देऊ नका. डाउन सिंड्रोममध्ये वरचे मणके अस्थिर असू शकतात.

सर्वात मोठी चूक चाचणी करण्यात होत नाही, ती वाचण्यात होते. झटक्यांच्या मधल्या काळात मायग्रेनच्या मुलात ही चाचणी साफच येते. त्याने काही बिघडत नाही. पण मूल आत्ता, सलग गरगरतं आहे, डोळे थरथरत आहेत, आणि तरीही चाचणी साफ आली, तर तो दिलासा नाही. कानाची नस सुजली असती तर उडी दिसायला हवी होती. अशा मुलाला घरी पाठवू नका.

४. बीपीपीव्हीचा संशय असेल तरच डिक्स-हॉलपाइक, म्हणजे मान वळवून मुलाला पटकन आडवं करण्याची चाचणी. मोठ्या मुलाला आधी सांगा की वीस-तीस सेकंद गरगरेल आणि थांबेल. न सांगता केली तर मूल पुन्हा हात लावू देत नाही.

## टप्पा ६: तोल आणि चाल

आधी मुलाला आधाराशिवाय पलंगाच्या कडेला बसवा आणि नुसतं बघा. लहान मेंदूच्या मधल्या भागातली गाठ हातापायांना मोकळं सोडू शकते. पलंगावर आडवं ठेवून बोट-नाक चाचणी केली तर सगळं छान येतं, आणि बसवल्यावर मात्र धड डोलायला लागतं. हे निसटलेलं मी पाहिलं आहे, म्हणून पोटतिडकीने सांगतो.

मग चालवा. साधं, वळून, मग रेघेवर टाच-बोट जोडून. मग दोन्ही पाय जुळवून डोळे मिटून. मग तेच फोमवर. फोमने पायांकडून मिळणारी खबर बिघडते आणि डोळे मिटले की नजरेची खबर थांबते. उरतो तो फक्त कान. दोन्ही कानांचा तोल गेलेलं मूल जमिनीवर उभं राहतं आणि फोमवर डोळे मिटताच पडतं. मागे एक माणूस उभा ठेवा.

एका पायावर उभं राहण्याचा अंदाज: तिसऱ्या वर्षी साधारण २ सेकंद, चौथ्या वर्षी ५, पाचव्या वर्षी १०. वय न बघता मोठ्यांच्या मापाने मोजणं ही नेहमीची चूक. वाचता येणाऱ्या मुलाला नजरेच्या तक्त्यासमोर उभं करून डोकं सेकंदाला दोनदा डावी-उजवीकडे हलवत वाचायला लावा. स्थिर वाचनापेक्षा तीन किंवा जास्त ओळी घसरल्या तर दोन्ही कानांवर संशय घ्या.

## टप्पा ७: कान आणि ऐकणं

मळ, छिद्र, दुर्गंधी स्राव बघा. लहान मुलात पडद्यामागे साचलेलं चिकट पाणी धडपडण्याचं एक साधं आणि बरं होणारं कारण आहे. ट्यूनिंग फोर्क लावा, पण त्यावर थांबू नका. चक्कर किंवा तोलाची तक्रार असलेल्या प्रत्येक मुलाची ऑडिओमेट्री (ऐकण्याची मोजणी) आणि टिम्पॅनोमेट्री (कानाच्या पडद्याच्या हालचालीची मोजणी) व्हायलाच हवी. गालगुंडानंतर एक कान पूर्ण गेलेलं मूल वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. फोन त्या कानाला लावल्यावर कळतं.

आता उलट दिशेने. कमी ऐकू येणाऱ्या मुलाचा तोल आपण तपासतच नाही. जन्मतः बहिऱ्या मुलांपैकी पुष्कळांचा तोलाचा भागही कमजोर असतो, कारण दोन्ही एकाच आतल्या कानात आहेत. अशी मुलं गरगरतं म्हणत नाहीत, त्यांनी कधी स्थिर जग पाहिलेलंच नसतं. ती मान उशिरा धरतात, उशिरा बसतात, दीड वर्षानंतर चालतात, आणि रात्री दिवे गेले की भिंत धरतात. मेंदूज्वरातून उठलेलं किंवा जेंटामायसिनचे बरेच दिवस इंजेक्शन घेतलेलं मूलही याच रांगेत.

> सावधान, तीन गोष्टी:
> बहिरं मूल बेशुद्ध पडत असेल तर ईसीजी करा. जन्मजात बहिरेपणाबरोबर क्यूटी (ईसीजीमधलं एक अंतर) लांबण्याचा हृदयाचा आजार असू शकतो, आणि तो जीवघेणा आहे.
> बहिरं, उशिरा चाललेलं मूल संध्याकाळी ठेचकाळत असेल तर डोळ्याचा पडदा तपासून घ्या. अशर सिंड्रोम (बहिरेपणाबरोबर हळूहळू नजरही जाण्याचा आनुवंशिक आजार) असू शकतो.
> दोन्ही कानांचा तोल गेलेल्या मुलाला विहिरीत, नदीत एकटं पोहू देऊ नका. पाण्याखाली डोळे मिटले की वर कुठे हे त्याला कळत नाही. हे पालकांना स्पष्ट सांगा, लिहूनही द्या.

## टप्पा ८: आता, गरज असेल तर, तपासण्या

ईसीजी: शुद्ध हरपणाऱ्या प्रत्येकाला. हिमोग्लोबिन: अंधारीची तक्रार असलेल्या किशोरींना तर हमखास. चष्म्याची आणि दोन्ही डोळे एकत्र जुळण्याची तपासणी: वाचताना डोकं हलकं होत असेल तर. व्हिडिओ हेड इम्पल्स (डोकं झटक्यात वळवण्याची चाचणी, कॅमेऱ्याने मोजलेली) आणि व्हेम्प (आवाज देऊन कानाचा तोलाचा भाग तपासणं): कानाचा संशय असेल तर आणि कॉक्लियर इम्प्लांटच्या आधी. ईईजी: शुद्धीत फरक पडत असेल तरच.

एमआरआय कधी? टप्पा ३ मधली खूण, टप्पा ५ किंवा ६ मध्ये मेंदूकडे बोट, एका बाजूची न उलगडणारी श्रवणहानी, किंवा निदानाच्या चौकटीत न बसणारे आणि वाढत जाणारे झटके. तातडी नसेल तर लहान मेंदू बघायला सीटी पुरेसा नाही, आणि किरणं फुकट जातात. सीटी कानाच्या हाडासाठी राखून ठेवा.

## टप्पा ९: नाव द्या, वही द्या, तारीख द्या

‘अमुक नाही, तमुक नाही’ एवढंच सांगून घरी पाठवू नका. आजाराचं नाव सांगा. परीक्षेच्या काळात वाढणारी, तीन महिन्यांहून जास्त टिकलेली, जवळजवळ रोजची डोकं तरंगण्याची भावना हीसुद्धा खरी तक्रार आहे, तिचे निकष आहेत आणि उपचार आहेत. त्या मुलासमोर ‘नाटक’ हा शब्द उच्चारू नका. पालकांनाही उच्चारू देऊ नका.

‘तोवर राहू दे’ म्हणून चक्करेची गोळी महिनोन्‌महिने लिहू नका. कानाची नस सुजली असेल तर पहिल्या दोन-तीन दिवसांनंतर ती गोळी मेंदूला नव्याने तोल शिकण्यापासून रोखते. प्रोक्लोरपेराझिनने मूल मान वाकडी करून, डोळे वर फिरवून, जीभ बाहेर काढून येतं, आणि आईला वाटतं आजार वाढला.

एक साधी वही द्या. पाच रकाने: तारीख आणि वेळ, किती मिनिटं, आधी काय चाललं होतं (झोप, जेवण, ऊन, स्क्रीन, पाळी), सोबत काय, नंतर काय केलं. शाळेसाठी चिठ्ठी द्या: झटका आला तर मुलाला जिथे असेल तिथे बसवावं, जिना उतरायला लावू नये, एकटं घरी पाठवू नये.

सहा आठवड्यांनी पुन्हा बोलवा. त्या दिवशी वही आधी वाचा, मग टप्पा ५ आणि ६ पुन्हा पहिल्यापासून करा. मागच्या वेळी नसलेली एखादी खूण दिसली तर आधीचं निदान खोडायला कचरू नका.